दगडाला विचारा : वेताळ टेकडीचं तोंड कुठं आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख अरबी समुद्र ओलांडून दिल्लीकडे गेली, विमानं रद्द झाली, आणि तेव्हापासून माझ्या टपालात दुसरा विषयच नाही. एरवी या सदराकडे येणारी पत्रं बोअर, घराचा पाया आणि अंगठीतले खडे यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, तेव्हा कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात, की ही टेकडी म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी आणि वरची जुनी दगडखाण हे त्याचं तोंड. खरं आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, पौड रस्ता, पुणे)

उत्तर : काका, तुमच्या मित्रांना माझा नमस्कार सांगा, पण ती खाण माणसांनी सुरुंग लावून केलेली आहे, खडीसाठी. टेकडीही ज्वालामुखी नाही. पर्वती नाही, चतुःशृंगी नाही, सिंहगडसुद्धा नाही. दगड मात्र शंभर टक्के लाव्हाचा आहे आणि सगळ्यांची गल्लत होते ती इथंच.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर येत राहिला. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा डोंगर नाही, त्याच्या माथ्यावर वाटीसारखं तोंड नाही. उतार मिळेल तिकडं लाव्हा पसरायचा, थिजायचा, मध्ये कधी थोडा तर कधी बराच काळ जायचा, आणि मग त्याच्या डोक्यावर पुढचा लोंढा यायचा. यातला बहुतेक माल दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. झिजून झिजून आज जे उरलंय तेच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. कोयनेच्या परिसरात संशोधनासाठी खोल विंधण घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे या लाव्हाचा काळा दगड, संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. आणि पसारा किती, तर थेट आंध्रात राजमहेंद्रीजवळ सापडणारे थर याच लाव्हाचे मानले जातात.

भेगा कुठं गेल्या, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. काही आजही दिसतात. नंदुरबार-धुळे भागात शेतांमधून सरळ रेषेत कित्येक किलोमीटर गेलेल्या काळ्या दगडी भिंती आहेत. बाहेरगावचा माणूस त्यांना जुन्या किल्ल्याचा तट समजतो. भेगेत वर येता येता थिजलेला लाव्हा तो, आजूबाजूचा खडक झिजला आणि हा कणखर म्हणून उभा राहिला. माणसांच्या देखत असा प्रकार घडला तो आइसलँडमध्ये, लाकी इथं. १७८३च्या जूनमध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा ओकत होती. त्यातल्या विषारी वायूंनी गवत गेलं, गुरं गेली, आणि दुष्काळात देशातली एकपंचमांश माणसं दगावली. लाव्हा शांतपणे वाहतो म्हणजे तो निरुपद्रवी असतो असं समजू नका.

पुण्याच्या टेकड्या म्हणजे या थरांचं पाणी आणि नद्यांनी कापता कापता शिल्लक ठेवलेलं अंग. आता खाणीत जाताच आहात, तर तिच्या उभ्या भिंतीजवळ दोन मिनिटं थांबा. एका थराच्या तळाकडचा दगड घट्ट, काळानिळा, हातोडी मारली तर खणकन वाजणारा. जसजसं वर पाहाल तसतशी त्यात भोकं दिसायला लागतात, आधी मसुराच्या दाण्याएवढी, मग शेंगदाण्याएवढी. ही वायूच्या बुडबुड्यांची घरं. लाव्हा थिजत असताना बुडबुडे वर निघाले होते, वरची साय आधी घट्ट झाली आणि ते अडकले. काही थरांच्या अगदी तळाशी पेन्सिलीसारख्या उभ्या नळ्या सापडतात आणि त्यांची टोकं एका बाजूला झुकलेली असतात. लाव्हा कुठल्या दिशेनं वाहत होता ते त्यावरून कळतं. घाटात रस्ता कापलेल्या ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा दिसतो, तो दोन लोंढ्यांच्या मधल्या सुट्टीचा पुरावा. त्या काळात खालच्या थराचा वरचा भाग कुजून त्याची माती झाली, आणि नंतर आलेल्या लाव्हानं ती भाजली.

प्रश्न : आमच्या बाईंनी सांगितलं की पृथ्वीच्या पोटात लाव्हारसाचा समुद्र आहे. मग तो सगळीकडून का नाही बाहेर येत? (इयत्ता आठवी, सदाशिव पेठ)

उत्तर : तुझी शंका बिनतोड आहे, आणि समुद्र नसल्यामुळेच तो सगळीकडून बाहेर येत नाही. बाईंवर रागावू नकोस, हा समज फार जुना आहे. पुण्याच्या खाली पस्तीस-चाळीस किलोमीटर कवच आहे. त्याखालचं प्रावरण भयंकर तापलेलं असलं, तरी ते घन खडकाचंच आहे. वरच्या खडकाचा दाब इतका, की तापलेल्या खडकालाही वितळता येत नाही.

तो वितळवायचे मुख्य मार्ग दोन. पहिला, दाब कमी करायचा. आइसलँडसारख्या जागी जमिनीच्या दोन तबकड्या एकमेकींपासून दूर सरकतात, खालचा खडक हळूहळू वर सरकतो, दाब उतरतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. हवाईखाली किंवा हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली खोलवरून तापलेला खडक वर येतो, तिथंही हेच होतं. दुसरा मार्ग म्हणजे पाणी घालायचं. समुद्राखालची तबकडी दुसऱ्या तबकडीच्या खाली घुसते तेव्हा आपल्याबरोबर खनिजांमध्ये बांधलेलं पाणी खाली नेते. शंभरेक किलोमीटर खोलीवर ते सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, आणि पाणी मिसळलेला खडक कमी तापमानाला वितळतो. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, चिली इथले ज्वालामुखी असे झाले. आपल्याकडचं अंदमानातलं बॅरन बेटही त्यातलंच. भारतातला सध्या जागा असलेला तेवढा एकच, १९९१ पासून अधूनमधून धुमसतो.

तुझ्या वर्गातल्या कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून ठेवते : आपला लाव्हा पहिल्या मार्गानं आला. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, की तेव्हा भारत आजच्या रीयुनियनखालच्या तापलेल्या जागेवरून जात होता. नंतर भारत उत्तरेकडे सरकला, ती जागा मागं राहिली. रीयुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आजही वरचेवर लाव्हा ओकतो. पुण्यात पुन्हा तसं काही व्हावं असं इथं खाली काहीच उरलेलं नाही.

प्रश्न : हवाईत पर्यटक लाव्हापासून थोड्या अंतरावर उभे राहून फोटो काढतात. इटलीतल्या पॉम्पेईत मात्र माणसं जागच्या जागी गेली. दोन्ही ज्वालामुखीच, मग एवढा फरक का? (याच आशयाची बरीच पत्रं, हे शब्द कोथरूडच्या एका ताईंचे)

उत्तर : ताई, सगळ्या पत्रांतला हा सर्वांत चांगला प्रश्न, म्हणून जागा जास्त घेते.

स्फोट लाव्हाचा होत नाही, वायूचा होतो. वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. खोलवर दाबाखाली ते गुमान राहतात. शिलारस वर यायला लागला, दाब कमी झाला, की त्यांचे बुडबुडे व्हायला लागतात. आता सगळा खेळ एकाच गोष्टीवर : बुडबुड्याला निसटता येतंय का? तुम्ही स्वयंपाकघरात रोज पाहता. आमटी खळखळ उकळली तरी बुडबुडे वर येऊन फुटतात, फारसं काही उडत नाही. पिठलं घट्ट झालं आणि रटरटायला लागलं की झाकण घ्यावं लागतं, नाहीतर मनगटावर फोड.

शिलारस पातळ की घट्ट हे मुख्यतः त्यातल्या सिलिकावर (वाळूत असतं तेच द्रव्य) आणि तापमानावर ठरतं. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. रायोलाइट या घट्ट शिलारसाच्या दगडात सिलिका ७० टक्क्यांच्या वर आणि तापमान सात-आठशे अंश. दुसऱ्याचा चिकटपणा पहिल्याच्या लाखो पट असू शकतो. वायूतही फरक. हवाईच्या शिलारसात पाणी वजनानं अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तबकडी खाली घुसते त्या ठिकाणच्या शिलारसात चार ते सहा टक्केही सापडतं. म्हणजे जिथं बाहेर पडायची वाट सर्वांत अवघड, तिथंच वायूही सर्वांत जास्त. कोंडलेले बुडबुडे फुगत जातात आणि अखेर शिलारसाच्याच चिंध्या करतात. वर येते ती राख, म्हणजे काचेचा बारीक भुगा, आणि भोकाभोकांचा प्युमिस दगड.

पॉम्पेईत इसवी सन ७९ मध्ये लाव्हा वाहत आलाच नाही. शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं आधी कित्येक तास प्युमिस आणि राख आकाशात फेकली, तिच्या ओझ्यानं छपरं बसली. मग राख, तापलेले वायू आणि दगड यांचा लोंढा जमिनीलगत डोंगरावरून खाली आला. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेग आणि तापमान शेकडो अंशांचं, त्यातून पळून जाणं शक्य नसतं. मार्टिनिक बेटावर ८ मे १९०२ रोजी माँ पेलेच्या अशाच लोंढ्यानं सेंट पियेर हे गाव काही मिनिटांत संपवलं, सुमारे २८,००० माणसं. कोलंबियात नेव्हादो देल रुइझचा १९८५ मधला स्फोट त्या मानानं किरकोळ होता, पण माथ्यावरचं बर्फ वितळलं आणि राखेचा चिखल नदीनदीनं रात्री आर्मेरो गावावर आला. वीस हजारांवर लोक गेले. आधी इशारे होते, गाव हलवलं नाही. हे वाचताना मला अजून संताप येतो.

उलट फिलिपिन्समधल्या पिनातुबोच्या वेळी, जून १९९१ मध्ये, शास्त्रज्ञांनी आधी सांगितलं आणि हजारो लोकांना वेळेवर हलवलं गेलं. विसाव्या शतकातल्या मोठ्यातल्या मोठ्या स्फोटांपैकी तो. तरी शेकडो गेले, त्यातले बरेच घराचं छप्पर कोसळून. कारण नेमकं त्याच दिवशी चक्रीवादळ आलं, राख पावसात भिजली, आणि ओल्या राखेचं वजन पत्र्यांना पेलवलं नाही. या स्फोटातल्या गंधकाच्या वायूमुळे पुढचं वर्ष-दोन वर्षं जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं होतं.

हवाईच्या लाव्हासमोर माणूस सहसा चालत बाजूला होऊ शकतो, घर होऊ शकत नाही. २०१८ मध्ये किलाउआनं सातशेच्या आसपास घरं गिळली. आणि पातळ लाव्हा म्हणजे नेहमी संथ, असंही नाही. काँगोतल्या न्यिरागोंगोचा लाव्हा इतका पातळ, की १९७७ मध्ये माथ्यावरचं लाव्हाचं तळं बाजूच्या भेगांतून तासाभराच्या आत रिकामं झालं आणि गावांवरून धावत गेलं.

अजून एक गडबड : बाहेरचं पाणी. वर येणारा शिलारस बर्फाला, तळ्याला किंवा समुद्राला भेटला, की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि साधा शिलारसही स्फोटक होतो. २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्ल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीनं युरोपची विमानं आठवडाभर जमिनीवर बसवली. (नाव मोठ्यानं म्हणायचा प्रयत्न पंगतीत करू नये.) टोंगाजवळ १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्राखालचा हुंगा फुटला, त्याचा ढग ५५ किलोमीटरच्या वर गेला.

आणि कधी कधी झाकणच निसटतं. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सची उत्तर बाजू १९८० मध्ये आठवडेच्या आठवडे फुगत होती. १८ मे रोजी भूकंप झाला, ती बाजू घसरली, आतला दाब एकदम मोकळा झाला आणि स्फोट वर जाण्याऐवजी आडवा गेला. ५७ माणसं गेली. डोंगर ४०० मीटरनी बुटका झाला.

आपला दख्खनचा लाव्हा मुख्यतः आमटीच्या बाजूचा. पण पावागडावर रायोलाइट आहे, मुंबईच्या परिसरातही आहे. घट्ट माल आपल्याकडे अजिबात नव्हता असं म्हणता येत नाही.

प्रश्न : राखेनं विमानाचं काय बिघडतं? धुळीतून जातंच की. (खडकी)

उत्तर : ही राख चुलीतली नव्हे. ती काच असते. इंजिनाच्या आतल्या उष्णतेत वितळते आणि पात्यांवर पुन्हा घट्ट बसते. १९८२च्या जूनमध्ये इंडोनेशियातल्या गालुंगगुंगच्या राखेत ब्रिटिश एअरवेजचं एक विमान रात्री शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. खाली येता येता ती पुन्हा सुरू झाली म्हणून ते जकार्त्याला सुखरूप उतरलं. तेव्हापासून विमान कंपन्या राखेशी पंगा घेत नाहीत, आणि दिल्लीची उड्डाणं रद्द झाली ती योग्यच झाली.

प्रश्न : कोयनेचे भूकंप, गणेशपुरीची गरम कुंडं आणि लोणारचं सरोवर. तिन्ही ज्वालामुखीचीच लक्षणं ना? (सातारा रस्ता)

उत्तर : तिन्हीही नाहीत. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपामागं बेसॉल्टखालच्या खडकातल्या जुन्या भेगा आणि धरणाच्या पाण्याचा त्यांच्यावर आलेला परिणाम आहे. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून रत्नागिरीपर्यंतच्या कुंडांत पावसाचंच पाणी असतं. ते भेगांतून खोल जातं, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापत जातं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. लोणारला एकेकाळी लोक ज्वालामुखीचं तोंड समजत. तो उल्केच्या धडकेचा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद खड्डा आहे. धक्क्यानं काच झालेली खनिजं तिथं सापडली. असली काच लाव्हा करू शकत नाही.

प्रश्न : घराचा पाया खणताना दगडाच्या पोकळीत पांढरे, मोत्यासारखे चमकणारे खडे आणि एक निळा ठिपका निघाला. गवंडी म्हणतो देवाला ठेवा, भाऊ म्हणतो विका. (वाघोली)

उत्तर : आधी फोटो काढा. पांढरे ते बहुधा झिओलाइट. मघाशी सांगितलेल्या बुडबुड्यांच्या घरांत नंतर कोमट-गरम पाणी झिरपलं आणि त्यानं ही खनिजं भरली. निळा ठिपका मोरपिशी झाक असलेला, सुयांच्या गुच्छासारखा असेल, तर ते कॅव्हनसाइट. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, पण जगातले सर्वांत देखणे नमुने तुमच्याच वाघोलीच्या खाणींतले, संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. अंगठीत बसवू नका, ठिसूळ आहे. विकायचं असेल तर दगडापासून वेगळं काढू नका, मातृखडकासकट असलेल्या नमुन्यालाच किंमत. पाण्यानं धुऊन ब्रशनं घासायचा मोह आवरा.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं बोअर ३०० फूट गेलं, नुसती धूळ. शेजारच्यांना १२० फुटांवर पाणी. ज्वालामुखीशी संबंध नसेल तर माफ करा. (बाणेर)

उत्तर : पुरेपूर संबंध आहे. माझी सगळी नोकरी याच प्रश्नावर गेली. घट्ट काळ्या पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. ते मिळतं थराच्या वरच्या, भोकाभोकांच्या कुजलेल्या भागात, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्यात, दोन लोंढ्यांच्या सांध्यावर, आणि भेगांमध्ये. शेजाऱ्यांचं बोअर असा एखादा ओला सांधा किंवा भेग गाठून गेलं. तुमच्या जागी ती भेग नसेल, किंवा तोच सांधा कोरडा असेल. लाव्हा सगळीकडे सारखा पसरत नाही आणि सारखा थिजतही नाही. ३०० फुटांपर्यंत धूळच निघाली असेल, तर आणखी दोनशे फूट खाली जाऊन पैसे घालवू नका, आपल्या बेसॉल्टमध्ये खोलीबरोबर पाणी वाढेल असा काही नियम नाही. नारळ हातावर उभा करून जागा दाखवणारा माणूस उद्या येईलच. त्याला पैसे देण्याआधी आसपासच्या चार-पाच बोअरना पाणी किती फुटांवर लागलं आणि खोदताना कुठं काळी, कुठं लाल धूळ निघाली, हे मशिनवाल्याला विचारून कागदावर लिहा. सगळ्यांना एकाच पातळीवर पाणी लागलेलं दिसलं तर ती पातळी धरा, आणि पुढच्या पावसाळ्याआधी गच्चीचं पाणी गाळून त्या कोरड्या बोअरमध्ये सोडायची सोय करून घ्या.